गिरवणे आणि मिरवणे

आपल्या शाळांत 'कॉपी' या शब्दाला आता एकच अर्थ उरला आहे. परीक्षेच्या वेळी मोज्यात, कंपासपेटीत किंवा तळहातावर जे लपवलेले असते, ती कॉपी. फेब्रुवारी उजाडला की 'कॉपीमुक्त अभियाना'चे फलक शाळांच्या फाटकांवर झळकतात, भरारी पथके फिरू लागतात आणि वर्तमानपत्रांत पकडल्या गेलेल्यांचे आकडे येतात. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या कानावर 'कॉपीराइट' हा शब्द प्रथम पडतो, तेव्हा तो त्याच्या मनात गुन्ह्यांच्याच कप्प्यात जाऊन बसतो, यात नवल ते काय? 'स्वामित्वहक्क' हा आपला रूढ प्रतिशब्दही येथे फारसे साहाय्य करीत नाही. त्यात स्वामी आहे, कर्ता नाही. 'प्रताधिकार' हा अलीकडचा शब्द त्या मानाने नेमका, पण तो अद्याप वर्गात पोहोचलेला नाही.

आमचे भांडण मात्र शब्दाशी नाही, शिकवण्याच्या रीतीशी आहे. काही शाळांनी अलीकडे या विषयावर व्याख्याने ठेवण्यास आरंभ केला आहे. हेतू स्तुत्य आहे. एखादे वकील किंवा संगणकाचे शिक्षक येतात आणि कायद्याचे ६३ वे कलम पडद्यावर दाखवतात. दुसऱ्याच्या हक्काचा जाणूनबुजून भंग केल्यास ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड! मुले गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतात. आभारप्रदर्शन होते. आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले आपापल्या प्रकल्पवह्या शिक्षकांच्या टेबलावर आणून ठेवतात.

त्या वह्या पालकांनी एकदा नीट चाळाव्यात, असे आमचे सांगणे आहे. चित्रे स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार तक्त्यांवरून कापून चिकटवलेली असतात, मजकूर कोठून तरी उतरवून घेतलेला असतो. प्रकल्पाच्या ठरावीक साच्यात 'ऋणनिर्देश' नावाचे एक पान असते. ज्यांचे साहाय्य घेतले त्यांचे आभार मानण्याचे हे पान. पण वर्गातल्या साठ वह्यांत ते शब्दशः सारखेच आढळते, कारण तेही एकमेकांच्या वहीतून उतरवलेले असते. आभार देखील उसने! 'संदर्भ' या मथळ्याखाली बहुधा एकच शब्द असतो, 'इंटरनेट'. म्हणजे गावच्या ग्रंथालयातून पुस्तक आणावे आणि लेखक कोण असे विचारल्यावर 'कपाट' म्हणून उत्तर द्यावे, तसला हा प्रकार. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आल्यापासून तर उतरवून घेण्याचे कष्टही वाचले आहेत. निबंध मागितला की निबंध समोर येतो, आणि तो कोणाचा हा प्रश्न विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

या वह्यांना गुण मिळतात, हा खरा मुद्दा. अक्षर सुवाच्य, समास आखलेला, मुखपृष्ठ सुशोभित, वीसपैकी अठरा. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या कवीचे नाव लिहिले म्हणून ज्या मुलाला गुण देतो, त्याच मुलाने प्रकल्पात कोणाचेही नाव न लिहिता दहा पाने भरली तरी आपण त्याला गुण देतो. मूल यातून जे शिकायचे ते अचूक शिकते. व्याख्यान विसरते, गुण लक्षात ठेवते.

कोणी म्हणेल, मुले अनुकरणानेच शिकतात. अगदी मान्य. चित्रकला शिकणारा थोरांची चित्रे उतरवूनच हात बसवतो, गायक गुरूची तान तशीच्या तशी घोटतो, आपण सारेच पाटीवर कित्ता गिरवून अक्षर शिकलो. गिरवण्याला कोणाचाही आक्षेप नाही, कायद्याचाही नाही. आक्षेप आहे तो गिरवलेले स्वतःचे म्हणून मिरवण्याला. मराठी भाषेने एका अक्षराच्या फरकाने हे दोन शब्द जवळजवळ ठेवले आहेत. तो फरक समजावून देण्यास वकील बोलवावा लागत नाही. तिसरीच्या मुलालाही तो कळतो.

कळतो, पण केव्हा? त्याचे स्वतःचे काही हिरावले जाते तेव्हा. आणि म्हणूनच आमचा आग्रह असा की, हा विषय दुसऱ्यांच्या पुस्तकांपासून नव्हे, मुलाच्या स्वतःच्या वहीपासून शिकवायला घ्यावा. सातवीतल्या मुलीने पावसावर चार कडवी लिहिली, की त्या क्षणी त्या कवितेचा हक्क तिचा होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, शुल्क लागत नाही, वयाची अट नाही. भारताचा कायदा १९५७ चा आहे. त्याचे १७ वे कलम कर्त्यालाच हक्काचा पहिला धनी मानते. नोकरीत असताना मालकासाठी केलेल्या कामाला वेगळा नियम आहे खरा; परंतु विद्यार्थिनी ही शाळेची नोकर नव्हे, उलट तिचे पालक शाळेला फी देतात. तेव्हा ती कविता ना शाळेची, ना वर्गशिक्षिकेची, ना संस्थेची. शाळेने वही दिली असेल, विषय दिला असेल, शाई सुद्धा दिली असेल, कविता तिची.

ही गोष्ट आम्ही किती मुलांना सांगितली आहे? किंबहुना शाळांच्या व्यवस्थापनांना तरी ती ठाऊक आहे काय? वार्षिक अंकात मुलांच्या कविता छापल्या जातात, त्यांत कोणीतरी 'सुधारणा' केलेल्या असतात, आणि मुलाला आपली कविता कशी बदलली हे अंक हाती आल्यावरच समजते. मुलांच्या चित्रांची भेटकार्डे आणि दिनदर्शिका निघतात, निधीसाठी विकल्या जातात. मागील बाजूस मुद्रणालयाचे नाव असते, संस्थेचे असते, चित्र काढणाऱ्या मुलाचे नसते. अशी कार्डे आपण सर्वांनीच कौतुकाने विकत घेतली आहेत. चित्रकला आणि निबंध स्पर्धांच्या पत्रकांवर तर शेवटची ओळ ठरलेलीच असते: आलेल्या सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. राहतील? कसे राहतील? हक्काचे हस्तांतरण लेखी हवे आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी, असे कायद्याचे १९ वे कलम सांगते. मुदत लिहिली नसेल तर ते हस्तांतरण ५ वर्षांपुरतेच धरले जाते. पत्रकावर एक ओळ छापली म्हणून तीनशे मुलांची चित्रे कोणाच्या मालकीची होत नाहीत. मुले अज्ञान आहेत. त्यांच्या वतीने पालकांनी सही करायची आहे, आणि करण्यापूर्वी वाचायचेही आहे.

येथे एक उदाहरण मुलांना अवश्य सांगण्यासारखे आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनाच्या भिंतीसाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांना १९५७ मध्ये भव्य कांस्यशिल्पाचे काम देण्यात आले. १९७९ मध्ये इमारतीच्या दुरुस्तीच्या निमित्ताने ते शिल्प उतरवून गोदामात टाकले गेले, त्याची मोडतोड झाली. सहगलांनी दाद मागितली. शासनाचे म्हणणे सरळ होते: आम्ही मोबदला दिला, शिल्प आमचे, आम्ही त्याचे काय करू ते आमचे आम्ही पाहू. बाजारच्या हिशेबाने हे कोणालाही पटेल. परंतु दिल्ली उच्च न्यायालयाला ते पटले नाही. २००५ मध्ये न्यायालयाने शिल्पाचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा निवाडा दिला. वस्तू विकली तरी कर्त्याचे तिच्याशी असलेले नाते विकले जात नाही, हे त्यामागचे तत्त्व. कायद्याच्या ५७ व्या कलमात ते आहे: कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क, आणि माझ्या लौकिकाला बाध येईल अशी तिची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क. बाकीचे सर्व हक्क विकले तरी हे दोन कर्त्यापाशी राहतात.

याच तत्त्वाचा दुसरा पैलू जून २०२३ मध्ये दिसला. राज्यशास्त्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांचे मुख्य सल्लागार म्हणून ज्यांची नावे छापली जात होती, त्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला लिहिले की, पुस्तकांतून जी काटछाट झाली ती आम्हांला मान्य नाही, तेव्हा आमची नावे काढा. पुस्तकांचा स्वामित्वहक्क आमचा आहे आणि पुस्तके सामूहिक परिश्रमातून झाली आहेत, असे परिषदेचे उत्तर होते. कोणाची बाजू योग्य, याचा निर्णय वाचकांनी आपापल्या मताप्रमाणे करावा. आम्हांला महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट की, नाव घालण्यासाठी भांडणारे अनेक असतात. येथे दोन विद्वान नाव काढण्यासाठी भांडत होते. हक्क एकाकडे आणि नाव दुसऱ्याचे, अशी परिस्थिती असू शकते, हे दहावीच्या मुलाला समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण त्याच्याच दप्तराच्या इतके जवळ दुसरे सापडणार नाही.

नाव आणि परवानगी या दोन भिन्न गोष्टी आहेत. परवानगी कधी लागते, कधी लागत नाही, आणि एके दिवशी तिची गरजच संपते. नावाचे तसे नाही. हे मराठी माणसाला परकीय कायद्याने शिकवावे अशी स्थिती खरे तर नव्हती. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली मुद्रा ठेवली. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' हे शब्द म्हणजे त्या काळचा नामनिर्देशच. अभंग कोणीही गावा, कोठेही गावा, मोबदला नाही, परवानगी नाही. पण गाताना मुद्रा कोणी गाळली नाही. शेतात, जात्यावर, दिंडीत ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही ती जपली. (याच मुद्रेचा आधार घेऊन पुढे अनेकांनी आपले अभंग तुकोबांच्या नावावर घुसडले, हा भाग वेगळा. तो धंदा आजही बंद नाही. कोठलाही सुविचार पु. ल. देशपांडे यांच्या नावावर खपवणारे त्याच परंपरेतले. दुसऱ्याचे आपले म्हणणे जसे अयोग्य, तसेच आपले दुसऱ्याच्या माथी मारणेही.)

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. काही मंडळींना या विषयाचा इतका पुळका आला आहे की, त्यांच्या लेखी प्रत्येक झेरॉक्स हा दरोडा आहे. शिक्षकाने पुस्तकातील एक पान वर्गासाठी काढले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. अशा वेळी मुख्याध्यापक घाबरतात आणि सरसकट बंदी घालतात. ही भीती कायद्यात नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत काढणे हा हक्कभंग नव्हे, असे ५२ वे कलम स्पष्ट शब्दांत सांगते. प्रश्नपत्रिकेत उतारा देणे, उत्तरात तो लिहिणे, हेही मोकळे. स्वतःच्या अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी उचित प्रमाणात वापर करणे, तेही मोकळे.

या सवलतीची कसोटीही लागून गेली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात एक झेरॉक्सचे दुकान आहे. प्राध्यापकांनी नेमलेले निरनिराळ्या महागड्या पुस्तकांतील उतारे एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना देत असे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थी संघटना आणि प्राध्यापक न्यायालयात उभे राहिले. विशेष म्हणजे ज्यांच्या हक्काच्या नावाने हा दावा होता त्या लेखकवर्गातूनच विरोध उमटला; अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने तपशिलाचे काही प्रश्न पुन्हा सुनावणीस पाठवले; परंतु शिक्षणाच्या हेतूला आवश्यक तेवढ्या प्रती काढता येतात, हे मूळ तत्त्व उचलून धरले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. म्हणजे ज्या शाळेत चाळीस मुलांपैकी तीस मुलांना पुस्तक विकत घेणे परवडत नाही, तेथे शिक्षिकेने धड्याला पूरक चार पाने झेरॉक्स करून दिली तर ती चोरी करीत नाही. कायद्याने दिलेले काम करते. फक्त त्या पानाच्या डोक्यावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहावे. त्याला एक रेघ पुरते.

प्रती काढण्याला आम्ही तुच्छ लेखत नाही, याला आणखी एक कारण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग हा मराठी ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला कसा? तो लोकांनी हाताने उतरवून ठेवला म्हणून. घराघरांत, पिढ्यान्‌पिढ्या, कोणा अनाम लेखनिकांनी हजारो ओव्या पुन्हा पुन्हा लिहिल्या. तशाच हस्तलिखितांच्या आधारे सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरात त्याची आवृत्ती काढली. एक देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात जपले गेले. त्या लेखनिकांपैकी कोणाही एकाने आपणच हे पुराण रचले असे म्हटले नाही. ग्रंथ स्टीफन्सच्याच नावाने चालत राहिला.

परवानगीची मुदत किती, हेही मुलांना सांगितलेच पाहिजे, कारण तेथेच कायद्याची मानवी बाजू दिसते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे, अशी आज ती मुदत आहे. पूर्वी ५० होती. १९९१ अखेर रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क संपण्याची वेळ आली, तेव्हा ती वाढवण्यात आली. मुदत ही सृष्टिनियम नव्हे, माणसांनी वाटाघाटीने ठरवलेली गोष्ट आहे, हे यावरून कळावे. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' सर्वांची झाली. अनेक प्रकाशकांनी ती छापली, स्वस्तात दिली. गुरुजींचे नाव मात्र कोणी पुसले नाही. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये गेल्या. त्या वेळच्या मुदतीप्रमाणे 'स्मृतिचित्रे' १९८७ च्या आरंभापासून मुक्त आहेत. आपल्या शाळेला त्यातील प्रसंगांचे नाटक करायचे असेल, ध्वनिमुद्रण करायचे असेल, सचित्र पुस्तिका काढायची असेल, तर कोणालाही विचारावे लागणार नाही. एवढे धन दाराशी पडलेले असताना स्नेहसंमेलनासाठी चित्रपटगीतेच का लागतात, असे विचारणे हे विषयांतर होईल. म्हणून विचारीत नाही.

स्नेहसंमेलनाचा विषय निघालाच आहे, तर तेथील नियम पाहून ठेवावा. विद्यार्थी आणि शिक्षक यांनी शाळेच्या उपक्रमात नाटक किंवा गाणे सादर करावे आणि समोर शाळेचीच मंडळी, पालक व संबंधित असावेत. याला कायद्याने सूट दिली आहे. पण अलीकडे तो प्रयोग भ्रमणध्वनीवर टिपला जातो आणि संध्याकाळी यूट्यूबवर चढतो. तेथे प्रेक्षक पालक राहत नाहीत, सारे जग होते. सूट तेथवर जात नाही. हौशी नाट्यस्पर्धांत लेखकाचे परवानगीपत्र जोडण्याची रीत आपल्याकडे आहेच. शाळेने एक पत्र पाठवावे. हयात नाटककारांना शाळकरी मुलांचे पत्र आले, तर ते नाही म्हणतील असे आम्हांला वाटत नाही. आणि म्हणालेच, तर तो त्यांचा हक्क. ते पत्र मुलांकडून लिहवून घ्यावे. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहे. काल्पनिक मामांना शैक्षणिक सहलीचे वर्णन कळवण्यापेक्षा हे पत्र बरे.

आणि जो हक्क आपला आहे, तो देऊनही टाकता येतो. हे आम्हांला या सर्वांहून महत्त्वाचे वाटते, आणि व्याख्यानांत नेमके हेच वगळले जाते. २००१ मध्ये अमेरिकेत क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी तिने सुटसुटीत परवाने तयार केले. त्यांतील सर्वांत साध्या परवान्याचा अर्थ असा: ही माझी कृती घ्या, छापा, गा, बदला, फक्त माझे नाव सांगा आणि काही बदलले असेल तर तेही सांगा. वारकऱ्यांना हे नवे वाटले नसते. मराठी विकिपीडियावरचे लेखही अशाच तत्त्वावर खुले आहेत. तेथून मजकूर उचलणारे विद्यार्थी समजतात की फुकट म्हणजे बेवारशी. वास्तविक ते लेख कोणीतरी आपली रात्र खर्चून लिहिलेले असतात, आणि त्यांची मागितलेली किंमत मूळ स्रोत सांगणे व पुढे तसेच खुले ठेवणे एवढीच असते. ती सुद्धा आपण बुडवतो. नववीच्या वर्गाने आपल्या गावच्या विहिरींची, जुन्या घरांची, बोलीतल्या शब्दांची माहिती गोळा करून अशी खुली करावी, स्वतःच्या नावाने करावी. दिलेला परवाना पुन्हा मागे घेता येत नाही, हेही आधी सांगावे आणि पालकांची संमती घ्यावी. देणे हे विचारपूर्वक असावे. नाही तर त्याला देणे म्हणता येणार नाही, हरवणे म्हणावे लागेल.

कर्त्याला न विचारता वाटण्याची मुभा कायद्याने जेथे करुणेपोटी दिली आहे, तेही मुलांना सांगावे. अंध व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देण्यास २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक मिळाली. याच हेतूने २०१३ मध्ये मराकेश येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. वर्गातील मुलांनी अंध मित्रासाठी पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावे. असा धडा ६३ व्या कलमाच्या आधी घ्यायला काय हरकत आहे?

आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. लग्न, रौप्यमहोत्सव, प्रथम ख्रिस्तशरीर अशा प्रसंगी आपण मिस्साविधीच्या पुस्तिका छापतो. धार्मिक विधीत गीत गाण्याला कायद्याने पूर्ण मोकळीक दिली आहे, तेव्हा गाण्याविषयी प्रश्नच नाही. पुस्तिका छापण्याला मात्र ती मोकळीक नाही. पण परवानगीचे राहू द्या. त्या पुस्तिकांत गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव सहसा आढळत नाही, हे आम्हांला अधिक खुपते. वधूवरांची नावे सोनेरी अक्षरांत, छापणाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक शेवटच्या पानावर. ज्याच्या शब्दांनी सारे मंदिर भरून जाते तो मात्र अनामिक. आपली गीते लिहिणारे काही आजही आपल्यांतच, आपल्याच बाकांवर बसलेले असतात. गायनवृंदातील मुले हे पाहतात. शाळेत कितीही शिकवले तरी रविवारी ती येथे उलटे शिकतात.

यावर एक आक्षेप आम्हांला नेहमी ऐकू येतो: अभ्यासक्रम आधीच अवजड आहे, त्यात हे आणखी कोठे घालायचे? आमचे म्हणणे, वेगळा तास नकोच. प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण कोठून काय घेतले हे प्रामाणिकपणे लिहिण्यासाठी राखून ठेवावेत, आणि जो लिहील 'ही तीन पाने अमुक पुस्तकातून, हे चित्र माझ्या बहिणीने काढले, हा परिच्छेद यंत्राकडून घेतला, शेवटचे पान माझे', त्याला ते पूर्ण द्यावेत, शेवटचे पान कितीही तोकडे असो. पालकांनी रात्री अकरा वाजेपर्यंत बसून मुलांचे प्रकल्प सजवून देण्याचे थांबवावे. ती सजावटही मुलाच्या नावावर मिरवली जाते.

आणि वार्षिक अंकासाठी साहित्य मागवताना शाळेने प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यावी. माझी कविता किंवा चित्र छापण्यास माझी व माझ्या पालकांची संमती आहे किंवा नाही. खाली माझे नाव असावे किंवा नसावे. मजकुरात बदल करण्यापूर्वी मला दाखवावा. मूळ कागद मला परत हवा. चार ओळींची चिठ्ठी. बहुतेक मुले आनंदाने 'आहे' लिहितील. एखादी मुलगी 'नाही' लिहील. तिची कविता अंकातील सर्वांत चांगली असली, मुद्रणालयात पाने जुळवून झाली असली, तरी मुख्याध्यापकांनी ती बाजूला काढावी, त्या जागी दुसरे काही घालावे, आणि तिला कारण विचारू नये.